१२१ मॅच हरलेल्या टीमचं तिकीट काढायचं का?

साऊथसाइडकर: शिकागो व्हाइट सॉक्स, आपली बेसबॉल टीम, २०२४ चा सीझन. ४१ जिंकले, १२१ हरले. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० हरण्याचा रेकॉर्ड मोडला, आणि मेट्सचा निदान पहिलाच सीझन होता, आपले सव्वाशे वर्षं खेळतायत. मध्ये सलग २१ हरले, मॅनेजर ग्रिफोलला काढला, फरक शून्य. २०२१ ला ९३ जिंकून आपल्या गटात पहिली आलेली टीम तीन वर्षांत अशी होते आणि मालक राइन्सडॉर्फ वर नवीन स्टेडियमला सरकारकडे पैसे मागत होता. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा. तो टीम विकेपर्यंत मी एक डॉलर देणार नाही.

सबुरी७८: अरे रीबिल्ड, म्हणजे जुने देऊन नवी टीम बांधणं, हेच असतं. ह्यूस्टनचे अ‍ॅस्ट्रोज २०११, १२, १३ तिन्ही वर्षं शंभरच्या वर हरले, शेवटच्या वर्षी तर १११, आणि २०१७ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, जिंकले. आपला पिचर सीझ गेला, दुसरा पिचर क्रोशे बॉस्टनला गेला पण त्याच्या बदल्यात चार नवी पोरं आली ना. कळ सोसा जरा.

साऊथसाइडकर: ती वर्ल्ड सिरीज समोरच्यांच्या खुणा चोरून, कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला इशारे देत जिंकलेली, ते सोडा. अ‍ॅस्ट्रोजना हरल्याबद्दल ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवी पोरं निवडताना, लागोपाठ पहिला नंबर मिळाला. आता वरचे नंबर लॉटरीने ठरतात, आणि आपल्याला नियमाने २०२५ च्या लॉटरीत बसायलाच बंदी होती, दहाव्याच्या वर नंबर नाही. एवढं हरून दहावा! हरायचं तरी नीट हरा.

सबुरी७८: बरं, हा मुद्दा मान्य. पण प्लेयर्सनी कुणाचं घोडं मारलंय? रिकाम्या खुर्च्यांपुढे त्यांनी खेळायचं, मालकाला काय, तो बास्केटबॉलच्या शिकागो बुल्सचापण मालक आहे.

पेठेतली_शिकागोत: मी २४ सप्टेंबरला गेले होते, एंजल्सविरुद्ध. १२० हरून झालेल्या, लोक १२१ वी बघायलाच आलेले, खोटं कशाला बोलू, मीपण. ०-२ मागे, 'सेल द टीम' जोरात चालू, आणि नवातल्या आठव्या इनिंगला ह्यांनी तीन रन काढले, आपल्या बेनिनटेंडीच्या हिटवर लीड. सीझनभर सातवी संपताना मागे असले की मॅच गेलीच म्हणून समजायचं आणि नेमके त्या दिवशी जिंकले. शेजारचे काका हातात नाचोचा ट्रे घेऊन उभेच राहिले, चीज गार होऊन घट्ट झालं, टाळ्या वाजवाव्यात की शिव्या घालाव्यात ते त्यांना कळेना. मी टाळ्या वाजवल्या बाई. पुढच्या दोन्हीपण जिंकले, १२१ वी डेट्रॉइटला जाऊन हरले, तिथे डेट्रॉइटवाले प्लेऑफला पोचल्याचा जल्लोष करत होते.

बोरिवली_टू_शिकागो: आयपीएलसारखंच आहे, तळाला राहिलं तरी खालच्या डिव्हिजनला ढकलायची सोय नाही, मग मालकाला भीती कसली.

साऊथसाइडकर: तेच तर म्हणतोय!! @पेठेतली, मग ह्या वर्षी जाणार का?

पेठेतली_शिकागोत: काढलंय. एप्रिलच्या थंडीतलं, स्वस्तात मिळालं.

साऊथसाइडकर: घरभेदी.