पुस्तकातले धडे जमतात, स्वतःचं फुटेज टाकलं की बोंब

बडोद्याची_पोर
मंडळी, दाविंची रिझॉल्व (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) शिकतेय. ते बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिक कंपनीच्या साइटवर त्यांचं ट्रेनिंगचं पुस्तक पीडीएफमध्ये फुकट मिळतं, धड्यांचं फुटेजपण सोबत येतं, तेच धरून चाललेय. धडे मस्त होतात, इन-आउट मारा (क्लिपचा हवा तो तुकडा कुठून कुठे ते ठरवा), एफ९ ने इन्सर्ट (मधे घुसवा), एफ१० ने ओव्हरराइट (आधीच्यावर टाका), काही अडत नाही. पण मावसभावाच्या मुंजीचं फुटेज टाकलं (दोन मोबाइल, एक कॅमेरा) तर लॅपटॉप अडकत अडकत चालतो आणि मोबाइलच्या क्लिपमध्ये आवाज आधी बरोबर, पण मंगलाष्टकं येईपर्यंत भटजींचे ओठ एकीकडे आणि आवाज भलतीकडे. वर पुस्तक १८ व्हर्जनचं, माझ्याकडे २०, बरीच बटणं सापडतच नाहीत. पुस्तक सोडून यूट्यूब धरू का?

कटपेस्ट_भाऊ
सोड पुस्तकबिस्तक. अडलं की सर्च मार, दहा मिनिटांचा व्हिडिओ बघ, झालं. आजकाल कोण वाचत बसतं.

दांडियाबाजारवाला
अगं पुस्तक सोडू नकोस. भाऊ, सर्च मारायला आधी नेमकं काय अडलंय ते कळायला पाहिजे ना, तिथेच तर सगळे अडकतात.

पुस्तकात तुला प्रोजेक्ट आयता मिळतो, सेटिंग आधीच लावलेलं, फुटेज एका मापाचं. त्यामुळे जे काम आम्ही लग्नाची ऑर्डर आली की पहिलं करतो ते तू केलेलंच नाहीस. मोबाइल बहुतेक वेळा व्हेरिएबल फ्रेमरेटला शूट करतो, म्हणजे सेकंदाला कधी ३० फ्रेम, कधी त्याहून कमी, आणि त्यामुळेच आवाज सरकतो. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कॉन्स्टंट (कायम एकच) फ्रेमरेट निवडून मोबाइलच्या क्लिप बदलून घे, मूळ फाइल मात्र उडवू नकोस. मग नवीन प्रोजेक्ट उघडून काही इम्पोर्ट करायच्या आधी फ्रेमरेट ठरव, कॅमेरा २५ ला असेल तर २५. नंतर तो लॉक होतो, मग बसा नवीन टाइमलाइन (क्लिप ओळीने लावायची पट्टी) वेगळ्या सेटिंगने बनवत.

अडकण्याचं कारण वेगळं. मोबाइल-कॅमेऱ्याचा व्हिडिओ बहुतेक एच.२६४ फॉरमॅटमध्ये असतो, त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, आजूबाजूच्या फ्रेम बघून लॅपटॉपला ती दरवेळी उभी करावी लागते. प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी) बनव, डीएनएक्सएचआर फॉरमॅटमध्ये, रात्री लावून झोप. एक्स्पोर्टला मूळ फुटेजच वापरलं जाईल एवढं डिलिव्हर पेजवर (जिथून एक्स्पोर्ट करतात) बघून घे.

व्हर्जनचं फार मनावर घेऊ नकोस. १८ चा प्रोजेक्ट २० मध्ये उघडतो, उलटं होत नाही. बटण नाही सापडलं तर वरच्या मेनूत बघ, शॉर्टकट बहुतेक तेच आहेत. लॅपटॉपवर एफ९ बिफ९ ला सोबत एफएन बटण दाबावं लागतं कधीकधी.

रावपुऱ्याची_ताई
दादांनी सांगितलंच आहे, त्यात एक जोडते. नवरात्रीत गरबा शूट करणार असशील (बडोद्यात राहून कोण नाही करत) तर मैदानातले काही लाइट फुटेजमध्ये लपलप करतात, आपली वीज ५० हर्ट्झची ना. शटर स्पीड १/५० नाहीतर १/१०० सेकंद ठेव, मोबाइलमध्येपण प्रो मोडला जमतं. हे एडिटिंगच्या पुस्तकात कशाला असेल, आणि नंतर काढायला जीव जातो.

बडोद्याची_पोर
दादा, हँडब्रेकने आवाज बसला!! प्रॉक्सी अजून चालूच आहेत. आता तिन्ही कॅमेरे एकत्र लावायचेत, हाताने जुळवू का?

दांडियाबाजारवाला
हाताने कशाला. तिन्ही क्लिप सिलेक्ट कर, राइट क्लिक, मल्टिकॅम क्लिप (सगळे कॅमेरे एकाच क्लिपमध्ये) बनव, अँगल सिंकला साउंड निवड, म्हणजे आवाजावरून ते आपोआप जुळतात. ढोल-ताशाच्या गोंगाटात कधीकधी चुकतं, तेवढं तपासून घे. मल्टिकॅमचा धडा पुस्तकात असेल तर आता वाच, आता कळेल. आणि प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर न्यायचा तर नुसतं फोल्डर कॉपी करू नकोस, तो रिझॉल्वच्या लायब्ररीत असतो, रिझॉल्वमधूनच फुटेजसकट आर्काइव्ह (सगळं एकत्र असलेली कॉपी) काढावा लागतो.

कटपेस्ट_भाऊ
हँडब्रेकची लिंक टाका ना कोणीतरी 😅