आयरिश रेड एल गोठलेल्या मगात देणं थांबवा

धरमपेठकर
बिअर जागेवरच बनवून देणाऱ्या नागपुरातल्या मायक्रोब्रुअरीवाल्यांना एकच सांगणं आहे. आयरिश रेड एल, म्हणजे आयर्लंडकडची तांबडी, गोडसर बिअर, फ्रीजरमधून काढलेल्या मगात ओतू नका. लागर (आपली नेहमीची फिकट, गार प्यायची बिअर) ओता, गव्हाची बिअर ओता, हरकत नाही. रेड एलची मात्र त्यात पार माती होते.

परवा वर्धा रोडवर एका ठिकाणी मागवली. मग पांढराफटक गोठलेला, कानाला हात लावला तर बोटं चिकटावीत असा. बिअर पडताच आतला बर्फ सुटला, फेस उसळला आणि अर्धा मग फेसानेच भरला. पहिल्या घोटांत नुसता गारवा, मागे जराशी कडू चव, बाकी काही नाही. सोबतचे विचारायला लागले की हिच्यात आणि साध्या बिअरमध्ये फरक तो काय? प्रश्न रास्त होता. मी मग बाजूला सारला. खाणं येईपर्यंत गारठा उतरला आणि चव उघडली. आधी खरपूस भाजलेल्या पावाच्या कडांचा वास, त्यामागे टॉफीचा. घोटाची सुरुवात गोडसर आणि गिळल्यावर जीभ एकदम कोरडी. गोडावरून असं कोरड्यावर येणं, हाच या बिअरचा जीव आहे.

गोडवा येतो कॅरॅमल माल्टमधून. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा बार्ली. ओलसर माल्ट बंद ड्रममध्ये तापवतात, दाण्यातल्या दाण्यात स्टार्चची साखर होते आणि मग ती भाजली जाते. त्यातली बरीच साखर बिअर आंबवणाऱ्या यीस्टला पचत नाही, ती ग्लासापर्यंत पोचते. तांबडा रंग आणि शेवटचा कोरडेपणा देते ती माल्ट न करता काळीभोर भाजलेली बार्ली. ती एकूण धान्याच्या दोन-तीन टक्केच घालायची, जास्त झाली की बिअर स्टाउटकडे, म्हणजे काळ्या बिअरकडे झुकते. हॉप्सचं, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचं, काम गोडवा आवरण्यापुरतं. कडूपणा 18 ते 28 आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक), तर हॉप्सने भरलेली अमेरिकन आयपीए बिअर 40 पासून पुढे सुरू होते. अल्कोहोल 3.8 ते 5 टक्के.

आता बघा, पेय अति गार असलं की वास वर येत नाही, जिभेला गोड कमी लागतं आणि कडू त्यामानाने पुढे येतं. हॉप्सवाली बिअर त्यातून तगते. हिच्याकडे माल्टशिवाय आहे काय? 7 ते 10 अंशांवर, साध्या धुतलेल्या ग्लासात द्या. आणि सोबत सावजी मटण असेल तर याहून चांगली बिअर मला तरी ठाऊक नाही.

सदरचा_पोट्टा
भाऊ, नाही पटलं. तुम्ही जे सांगून राहिले ते डब्लिनच्या हवेत ठीक आहे, तिथे उन्हाळ्यातही पारा 20 च्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात 45. एसी असला म्हणून काय झालं, माणूस बाहेरून तापून आलेला असतो. त्याला आधी गार पाहिजे, चव मागून.

अन् तुमच्याच लिहिण्यात माझं उत्तर आहे नं. मग गोठलेला होता म्हणून खाणं येईपर्यंत बिअर तुम्हाला पाहिजे त्या जागी आली. 10 अंशांवर सुरुवात केली असती तर तेवढ्या वेळात ती कोमट झाली असती, अन् मग तो गोडवा तोंडाला चिकटतो. अर्ध्या लिटरचा मग असेल तर सुरुवात गारच पाहिजे.

धरमपेठकर
तर अर्धा लिटर एकदम द्यायचीच कशाला? 300 मिलीचा ग्लास ठेवा, कोमट व्हायच्या आत संपतो. उन्हाळ्यात बिअर 5 अंशांवर द्या, ग्लासही फ्रीजमधला द्या, एवढं मला चालेल. माझं भांडण गोठलेल्या मगाशी आहे. त्यातला बर्फ वितळून बिअरमध्ये पाणी जातं आणि गॅस फेसातून उडून जातो. नुसती तहान भागवायची असेल तर लागर आहेच की.

मॅशटन
मी पुण्यात एका ब्रुअरीत काम केलंय, त्या अनुभवावरून लिहिते. तापमानाबद्दल धरमपेठकरांशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. अति गार बिअरमध्ये दोष लपतात, आणि रेड एलमध्ये हमखास लपवला जाणारा दोष म्हणजे डायअसिटिल. पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास येतो, जिभेवर तेलकट, बुळबुळीत थर बसतो.

आंबवताना यीस्टच्या कामातूनच ते तयार होतं आणि वेळ दिला तर यीस्टच ते परत खाऊन टाकतं. टाकी लवकर मोकळी करायची म्हणून बिअर घाईने थंड केली की यीस्ट झोपतं आणि लोणी तसंच राहतं. नळापर्यंतच्या नळ्या वेळच्या वेळी धुतल्या नाहीत तर तिथल्या जिवाणूंमुळेही हेच होतं. गिऱ्हाइकाला वाटतं, वा, काय टॉफी आहे!

तेव्हा धरमपेठकर, तुम्हाला लागली ती टॉफीच होती का, हे एकदा तपासा. माल्टची टॉफी गिळल्यावर जाते आणि जीभ कोरडी पडते. लोणी टाळूला धरून बसतं. ग्लास दोन्ही हातांत धरून जरा ऊब द्या आणि मग वास घ्या, लगेच कळतं.

प्रतापनगरवाला
मॅशटन, इतकं कडक होऊ नका. बिअरच्या परीक्षकांची बीजेसीपी नावाची अमेरिकी संस्था आहे, तिच्या नियमावलीत आयरिश रेड एलला अगदी हलका लोण्याचा वास चालतो असं लिहिलेलं आहे. मला तो आवडतो. त्याने बिअर गुळगुळीत लागते आणि नवख्या माणसालाही पटकन रुचते. सगळं घासूनपुसून काढलं तर उरेल ती फिकी तांबडी बिअर.

मॅशटन
चालतो, पण तो असायलाच हवा असं कुठे आहे? आंबवणं संपत आलं की टाकी दोन दिवस 18-20 अंशांवर राहू द्यायची, एवढंच काम आहे. ते दोन दिवस वाचवायचे आणि नियमावलीकडे बोट दाखवायचं, हे मला मान्य नाही. लोणी काढल्यावर बिअर फिकी लागत असेल तर माल्ट कमी पडलाय, तो वाढवा. रुचीसाठी मुद्दाम ठेवलेला हलका वास आणि घाईत राहिलेला वास यांत फरक असतो. दुसरा आपल्याकडे फार भेटतो.

बर्डीवरून
पण ही बिअर आयरिश तरी कितपत? आयर्लंडातल्या किल्केनीची स्मिथविक्स ही रेड एल 1710 पासूनची म्हणवते, ते ठीक. तिथली ब्रुअरी 2013 च्या सुमारास बंद झाली, मग ती बिअर डब्लिनला गिनेस ब्रुअरीच्या आवारात बनू लागली. अमेरिकेत रेड एलचं नाव घरोघरी पोचवलं किलियन्स या ब्रँडने. त्यांची मूळ ब्रुअरी आयर्लंडातल्याच एनिसकोर्थीची, ती 1956 मध्येच बंद पडली. नाव फ्रान्समार्गे अमेरिकेतल्या कूर्स कंपनीकडे गेलं आणि तिथे त्या नावाने लागर बनते. मग नागपुरात कोणी गार मगात दिली तर बिघडलं कुठे?

धरमपेठकर
परंपरेचा मुद्दा मी काढलेलाच नाही. ती अमरावतीत जन्मली असती तरी मी हेच म्हटलं असतं. पैसे मोजून घेतलेली चव लागली पाहिजे, एवढंच.

इतवारीकर
बाकी तुमचं चालू द्या, पण सावजीला मध्ये आणलं म्हणून लिहून राहिलो. मी हलबा कोष्टी घरातला, हे जेवण आमच्या चुलीवरचं आहे. खसखस, सुकं खोबरं, मिरे, धने, दगडफूल भाजून वाटलेला मसाला आणि वर तिखटाची तर्री. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, साडेचार टक्के अल्कोहोलमध्येही नावालाच. त्यात गॅसचे बुडबुडे भाजलेल्या जिभेवर आणखी चुरचुरतात. तुमची ती टॉफी अन् तो पावाचा वास लागणार कसा? अशा वेळी माणूस चव घेत नाही, घोट मारत सुटतो. सावजीबरोबर भाकरी अन् कांदा. हिला सांबारवडी द्या, कोथिंबीर अन् खसखस-खोबऱ्याचं सारण आणि तळलेलं आवरण तिला झेपेल.

धरमपेठकर
दादा, आग विझवायला मी ती सुचवलीच नाही. मसाला भाजलेला, माल्टही भाजलेला, दोन्हींतला खरपूसपणा जुळतो असं माझं म्हणणं. पातळ रस्सा सोडा, अंगाबरोबर मसाला असलेलं सुकं मटण घेऊन बघा. हॉप्सची कडू बिअर तिखटाला आणखी चढवते, ही तसं करत नाही.

इतवारीकर
सुकं असलं तरी तिखट तेच असते. मी माझ्या मतावर आहे.

वर्ध्याची_लेक
सगळं वाचलं. मला वेगळं बोलायचंय. माझं माहेर वर्ध्याचं, सासर गडचिरोलीकडचं. गडचिरोलीत 1993 ला दारूबंदी आली तिच्यामागे गावोगावच्या बायका होत्या. चंद्रपुरात 2015 ला झाली आणि 2021 ला उठवली. त्या बायकांनी काय पाहिलं होतं ते मला घरातून माहीत आहे. तुम्ही टॉफी, पावाचा वास असं इतक्या प्रेमाने लिहिता तेव्हा पिण्याला प्रतिष्ठा मिळते. आपल्या राज्यात 21 व्या वर्षी बिअर पिता येते, तो 21 वर्षांचा मुलगाही हे वाचतो.

धरमपेठकर
ताई, तुमचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. पण एक हिशेब बघा. दुकानातल्या 650 मिलीच्या, 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत 52 मिली अल्कोहोल असतं. साडेचार टक्क्यांच्या रेड एलच्या 330 मिलीत सुमारे 15. चवीसाठी पिणारा सावकाश पितो. आपल्याकडे बिअर निवडताना आधी "चढते का" हेच विचारतात. ते बदलायचं तर चवीबद्दल बोलावंच लागेल, आणि चव कळायची तर ती मारून टाकणारा मगही जायला हवा.

वर्ध्याची_लेक
हिशेब बरोबर असेल. पण 52 वाला माणूस चवीच्या नादाने 15 वर आला, असा एक तरी दाखवा. मला दिसतं ते उलट आहे. ज्या घरात कधी बाटली आली नव्हती, तिथल्या मुलांनी "चव बघू" म्हणून पहिला ग्लास घेतला.

धरमपेठकर
दुसऱ्या कोणाचं मी छातीठोक सांगू शकत नाही. माझ्यापुरतं सांगतो, स्ट्राँग सुटली ती यामुळेच. पहिल्या ग्लासाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मॅशटन
मूळ विषयाकडे येते. मालकांना पटेपर्यंत थांबू नका. ऑर्डर देतानाच सांगा, "फ्रीजरमधला मग नको, साधा ग्लास." सांगितलं की देतात. आणि आधी छोटा ग्लास मागून वास घ्या. लोणी आलं तर ती टाकी सोडून दुसरं काही घ्या.

सदरचा_पोट्टा
वासाचं ऐकतो, लोण्याचं मला माहीत नव्हतं. गोठलेला मग मात्र मी मागणारच, निदान जूनचा पाऊस येईपर्यंत तरी.