रंग न दिसण्याची इतर कारणे

बंद खाणीत फ्लुरोसीन (पाण्याचा माग काढण्यासाठी वापरतात तो चमकणारा रंग) सोडूनही खालच्या झऱ्यात रंग दिसला नाही, म्हणून दोन्हींचा संबंध नाही, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) असलेल्या खाणीतले पाणी बहुधा आम्लधर्मी असते आणि अशा पाण्यात फ्लुरोसीनची चमक बरीच मंदावते. शिवाय लोहाचा गाळही काही रंग धरून ठेवतो. कोसळलेल्या बोगद्यामागे पाणी तुंबले असेल, तर रंग विरळ होऊन कित्येक आठवड्यांनी उतरेल, म्हणून झऱ्यात रंग शोषून घेणाऱ्या सक्रिय कोळशाच्या पुरचुंड्या टांगून त्या ठरावीक दिवसांनी बदलाव्यात आणि तपासाव्यात. रंग सोडण्यापूर्वी पाण्यात मुळातच किती चमक आहे, याची नोंदही हवीच. आमच्या सोलापुरात सूत रंगवणाऱ्या कारखान्यांजवळच्या विहिरींवर हा प्रयोग केला, तर कपड्यांच्या साबणातली चमकद्रव्येसुद्धा फसवू शकतील.