शायान लोकांत जावई बायकोच्या माहेरी राहायचा, मग घर कोणाचं?

माशेलकरीण:
माझा धाकटा भाऊ दिवाळीनंतर वाळपईला बायकोच्या माहेरी राहायला गेला. वहिनीची आई एकटी, काजूची बागायत मोठी, बघणारं कोणी नाही. इथे वाड्यावर मात्र ‘घरजावई झाला’ हे इतक्यांदा ऐकलं, की आईने देवळात जाणंच कमी केलंय. मला फार लागतं ते.

परवा अमेरिकेतल्या शायान या मूळनिवासी जमातीबद्दल वाचलं. लग्नानंतर जोडप्याचा तंबू मुलीच्या आईच्या तंबूशेजारी लागायचा, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. मग त्यांच्यात बाईचं राज्य होतं का?

निवृत्त मास्तर, फोंडा:
बाय, राज्य नव्हे. जमातीचा कारभार चव्वेचाळीस प्रमुखांची सभा बघायची, आणि ते सगळे पुरुष. मुलीच्या लग्नाचा शब्दही बऱ्याचदा तिच्या भावाच्या हाती. पण तंबू बाईचा, हे खरं. बायसनची (अमेरिकेतल्या रानगव्याची) डझनाहून जास्त कातडी बायकांनीच कमवायची, एकत्र बसून शिवायची. मालकीण भोवतीच्या बायकांना बोलावून जेवू घालायची. तळ हलला की तंबू उतरवायचा आणि पुन्हा उभा करायचा, तेही त्यांनीच. नवरा सासऱ्याकडे शिकारीचं मांस आणून द्यायचा.

आणि जावई-सासू एकमेकांशी बोलत नसत. शेजारी राहून तोंड चुकवायचं! आपल्याला हा राग वाटेल, त्यांच्या लेखी तो आदर होता.

सुईदोरा, डिचोली:
मास्तर, बायकांच्या कामाला मान किती होता तेही सांगायला हवं. साळिंदराचे काटे रंगवून कातड्यावर नक्षी करणाऱ्या बायकांचं एक मंडळ होतं, आणि ते काम पवित्र मानत. नवस बोलून तीस झगे नक्षीने भरणं हा मोठा पराक्रम. योद्धे आपल्या लढाया सांगत, तशा या बायका चारचौघींत आपली कामं मोजून सांगत. माझ्या आजीने जन्मभर वाकळी शिवल्या. किती शिवल्या, कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

म्हापशाचा वाचक:
माशेलकरीणताई, तुम्ही बहीण म्हणून लिहिलंय म्हणून हे सांगतो. शायान भाऊ-बहीण वयात आले की सरळ बोलणं जवळजवळ बंद, तोही आदरच. आणि 17 जून 1876 ला अमेरिकी सैन्याशी झालेल्या रोझबडच्या लढाईत एका शायान योद्ध्याचा घोडा पडला, तेव्हा त्याची बहीण बफेलो काफ रोड वुमन घोडा फेकत मधोमध शिरली आणि त्याला मागे बसवून घेऊन आली. शायान लोक ती लढाई ‘जिथे मुलीने भावाला वाचवलं’ अशीच ओळखतात.

घराचं म्हणाल तर गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने, वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी असते. घर विकायचं तर दोघांची सही लागते. म्हणजे तुमचा भाऊ लोकाच्या घरात गेलेला नाही. ते त्याच्या बायकोच्या माणसांचं घर आहे.

माशेलकरीण:
सगळ्यांची आभारी आहे. काल रात्री आईला त्या बहिणीची गोष्ट वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि ते लोक पोरांना नाव कोणाकडचं ठेवायचे?" तिच्या मनात काय आहे ते मला कळलं. वहिनीला सातवा महिना आहे.

निवृत्त मास्तर, फोंडा:
आईंना सांग, मुलाला नाव बापाकडचं. काका आपलं स्वतःचं नाव पुतण्याला देऊन टाकायचा आणि स्वतःसाठी दुसरं घ्यायचा.