गावातल्या समितीवर तुमचं नाव कसं लागलं? अनुभव लिहा

पांदणवाट (यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमच्या गावची ग्रामसभा तोंडावर आली आहे आणि अजेंड्यावर एक ओळ आहे, "विविध समित्यांचे पुनर्गठन करणे." मी यंदा पहिल्यांदाच ग्रामपंचायतीवर निवडून आले. त्या एका ओळीत काय काय बसतं ते सचिवांजवळ बसून पाहिलं. ग्रामविकास समिती, पाणीपुरवठा व स्वच्छता, आरोग्य व पोषण, तंटामुक्ती, जैवविविधता, रेशनची दक्षता समिती, कृषी संजीवनी. मागच्या रजिस्टरात बहुतेक ठिकाणी तीच ती नावं फिरतात. एक नाव तर वारलेल्या माणसाचं आहे.

यादी घेऊन मी घरोघरी गेले. शेजारच्या काकूंना म्हटलं, तुम्ही पाणी समितीवर आहात. त्या म्हणाल्या, "मले तं कोणी इचारलंच नाही बाई. मंग सही कोणं केली?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

निवडणुकीत मत मागायला सगळे दारात येतात. समितीवर नेमताना मात्र त्या माणसाला विचारायलाही कोणी जात नाही. हे बदलायचं म्हणून तुमचे अनुभव पाहिजेत. नाव कोणी सुचवलं, तुम्हाला आधी विचारलं का, कोण राहून गेलं, आणि कुठं नीट झालं असेल तर ते कसं. गावाचं आणि माणसांचं नाव कृपया घेऊ नका.

तिसरीची आई (वाशीम)

ताई, शाळेची समिती तुमच्या यादीत नाही ते बरोबरच आहे, ती पालकसभेत निवडायची असते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहून आहे, 75 टक्के पालक पाहिजेत आणि निम्म्या बाया पाहिजेत. कागदावर आमच्याकडंही सगळं बसत होतं. पहिल्यांदा माझं नाव लागलं तेव्हा मी कापूस वेचायला गेली होती. पोरानं घरी वही आणली, "आई, सरानं सही मांगतली." वहीत सभेचं सगळं आधीच लिहून ठेवलेलं, खाली नावं, आणि नावांपुढं रिकामी जागा. सभा कधी झाली म्हणून पोराला विचारलं, त्याला काय ठाऊक!

मग नवीन मुख्याध्यापक बाई आल्या. त्यांनी पालकसभा दिवेलागणीनंतर ठेवली. पहिलीचे पालक पहिलीच्या खोलीत, दुसरीचे दुसरीच्या, असं बसवलं. म्हणाल्या, तुमच्यातून तुम्हीच नाव काढा, मी व्हरांड्यात थांबते. आमच्या खोलीत बराच वेळ कोणी बोलेना. एका बाजूला पोलीस पाटलांची सून, एका बाजूला आम्ही मजुरीवाल्या. मग मागून एक जण म्हणाली, "ज्याचं लेकरू शाळेतली खिचडी खाते त्यानंच जावं. डबा आणणाऱ्याचं काय काम तिथं?" पोलीस पाटलांची सूनच म्हणाली, खरं आहे. अन् माझं नाव निघालं.

पहिल्या बैठकीत आम्ही एकच गोष्ट मागितली, बैठक सकाळी नको. वेचणीला किलोवर पैसे असतात, सकाळ गेली की दिवस गेला. वेळ बदलल्यावर बाया येऊ लागल्या. तांदूळ मोजून घ्यायला आता आमच्यातली एक जण उभी राहते.

गावसचिव

माझी बाजू मांडतो. माझ्याकडं एकापेक्षा जास्त गावं आहेत. प्रत्येक खात्याचा शासन निर्णय निघतो, त्यात एक समिती असते, अन् तालुक्याहून निरोप येतो, "संध्याकाळपर्यंत नावं पाठवा." ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतले जे कमी असतील तेवढे लागतात. सोयाबीनच्या सोंगणीत कुठून आणायचे? सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरमची अट नाही, मग जे पंचवीस-तीस लोक येतात त्यांच्यातच नावं वाटली जातात. जे नेहमी येतात ते सगळ्याच समित्यांवर दिसतात, त्याचं कारण हे आहे. सगळीकडं लबाडी असते असं समजू नका.

पण ताईंच्या शेजारच्या काकूंसारखी सही मी कधी होऊ दिली नाही. आमच्या एका गावात मी असं केलं की ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, तिच्याच बाजूला प्रत्येक समितीचा एक कोरा कागद लावला. वर समितीचं काम दोन ओळींत, कोणाच्या किती जागा ते, अन् खाली "इच्छुकांनी नाव लिहावे." दोरीला पेन बांधला. पहिले दोन दिवस कोणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी एका पोरीनं, बारावी झालेल्या, आपलं नाव लिहिलं. मग भराभर लिहिली गेली. सभेत ती नावं वाचून दाखवली, जागेपेक्षा जास्त झाली तिथं हात वर करून मत घेतलं. मला काम वाढलं काय? नाही वाढलं. उलट पुढं सह्यांसाठी कोणाच्या मागं फिरावं लागलं नाही.

खारपाण (अकोला)

आमच्याकडं जमिनीतलं पाणी खारं, पूर्णेच्या पट्ट्यातलं गाव. पिण्याचं पाणी दूरच्या योजनेवरून येतं, म्हणून पाणी समिती म्हणजे आमच्यासाठी सगळ्यात मोठी समिती. सरपंचापेक्षा मोठी म्हणा.

आधीच्या समितीत सगळे टाकीजवळचे. त्यांच्या नळाला धार चांगली, त्यांना बैठकीत बोलायला काही नसायचं. गावाच्या शेवटच्या टोकाला वस्ती आहे, तिथं पाणी पोचेपर्यंत लाइन बंद व्हायची. त्या वस्तीतलं एकही नाव समितीत नव्हतं. अर्ज देऊन झाले, तोंडी सांगून झालं. "व्हॉल्वमनले सांगा" एवढंच उत्तर.

जलजीवन मिशनच्या वेळी समिती नव्यानं करायची होती. निम्म्या महिला पाहिजेत आणि दुर्बल घटकांना वाटा पाहिजे, हे मार्गदर्शक सूचनांमध्ये आहेच. आमच्या शाळेतले निवृत्त गुरुजी ग्रामसभेत उठले अन् म्हणाले, वॉर्डवार नावं नका घेऊ, लाइनवार घ्या. प्रत्येक लाइनच्या सगळ्यात शेवटच्या नळाचं जे घर आहे, त्या घरातली बाई समितीवर. एवढी साधी गोष्ट, पण सभेत गोंधळ झाला. टाकीजवळचे म्हणे, आम्ही काय पाणी भरत नाही का? गुरुजींनी विचारलं, "तुमच्या घरी शेवटी पाणी कोणत्या दिवशी आलं नाही, ते सांगा." कोणालाच सांगता आलं नाही. मग ठराव झाला.

आता शेवटच्या नळाची बाई आपल्या घरून फोन करते, "आलं" म्हणून, त्यानंतरच व्हॉल्व फिरतो. पाणीपट्टीची वसुलीही सुधारली. ज्या वस्तीला पाणीच मिळत नव्हतं तिनं पट्टी का भरावी, हा वाद संपला ना.

पांदणवाट

खारपाण भाऊ, हे मी आमच्या सभेत जसंच्या तसं मांडते. सचिव भाऊंचा कोरा कागदही. नगरपंचायतीतले कोणी आहेत का इथं?

नगरवासी (बुलढाणा)

आहे. आमच्याकडं स्वीकृत सदस्य असतो, म्हणजे निवडून न येता नेमलेला. कायद्याची अपेक्षा अशी की पालिकेच्या कामाचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेला माणूस घ्यावा. आमच्याकडं निवडणुकीत पडलेल्याला बसवलं. गावात निवृत्त ओव्हरसियर आहेत, ज्यांनी अर्ध्या तालुक्याचे नाले आखले, त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. याहून जास्त लिहिण्यासारखं नाही, पण राग आहे.

फळीवरून (गडचिरोली)

आमचं गाव लहान आहे आणि ग्रामसभा म्हणजे खरोखर सगळं गाव. वनहक्क कायदा 2006 चा. त्याच्या नियमांत वनहक्क समिती ग्रामसभेनं निवडायची, 10 ते 15 जणांची. त्यात किमान दोन तृतीयांश आदिवासी, अन् किमान एक तृतीयांश बाया. आमच्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये 1809 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, ते सगळ्यांनी ऐकलं असेल. तिथं निर्णय सर्वसहमतीनं होतात, बहुमतानं नाही. आम्ही त्यांच्याकडं पाहूनच शिकलो.

आमची पद्धत सांगतो. मोहफूल वेचून झालं, तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम यायचा आहे, त्या मधल्या दिवसांत सभा. आधी बाया वेगळ्या बसतात, गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या एकत्र बसायच्या घराच्या, मागं. आपली नावं त्या आपसात ठरवून आणतात, पुरुषांनी त्यावर बोलायचं नाही. मग पुरुषांची नावं. एकालाही हरकत असली तर त्यानं कारण सांगायचं, सगळ्यांसमोर, त्या माणसाच्या तोंडावर. त्यात रात्र होते. होऊ द्यावी लागते.

खात्यावर दोन सह्या, एक बाईची, एक पुरुषाची. तेंदूचा पैसा मोठा असतो आणि तो ग्रामसभेच्या खात्यात येतो, म्हणून माणूस निवडताना पाहतो की याला फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागी, पुडे मोजताना कोणी पाहिलं आहे का, यानं कधी कोणाचा पुडा उगाच बाद केला का. एका वर्षी हिशेब वाचायला उशीर झाला. कोणी चोरी केली नव्हती, फक्त वाचला नव्हता. तरी सभेनं सही बदलली. ज्याची सही गेली तो माझा सख्खा काका. त्यानंही हरकत घेतली नाही, नव्या माणसाला बँकेत घेऊन तोच गेला.

ढोरबांधा (वाशीम)

जैवविविधता समितीबद्दल लिहितो, कारण तिच्याबद्दल कोणी लिहिणार नाही. कायदा 2002 चा, पण आमच्याकडं समिती झाली ती 2020 च्या जानेवारीच्या आसपास. तेव्हा राष्ट्रीय हरित लवादानं 31 जानेवारी 2020 ही मुदत दिली होती, नाही केलं तर राज्याला महिन्याला 10 लाख रुपये भरावे लागणार होते. मग काय, गावोगाव रातोरात समित्या झाल्या. एक अध्यक्ष, सहा सदस्य. आमच्या सातांपैकी कोणी गावाच्या ई-क्लासमध्ये, म्हणजे ढोरं चरायच्या सरकारी जमिनीत, वर्षानुवर्षं पाय ठेवला नव्हता.

पुढं गावातल्या झाडा-गवताच्या, जनावरांच्या नोंदवहीचं काम आलं तेव्हा कॉलेजची पोरं गावात आली आणि विचारू लागली, कोणतं गवत कुठं उगवतं. समितीतले सगळे गप्प. शेवटी गावची ढोरं चारणाऱ्या गायकीला बोलावलं. तो पोरांना घेऊन माळावर गेला अन् बोटानं दाखवत सुटला. हे मारवेल, हे पवन्या, ही कुसळी, हे ढोर खात नाही, ते फक्त श्रावणापर्यंत खाते, इथं आधी तितर होते, आता नाहीत. पोरांचं लिहिणं त्याच्या बोलण्याला पुरत नव्हतं. मी ग्रामसभेत नुसतं एवढं म्हटलं की समितीवर हा पाहिजे. एक जण म्हणाला, त्याला लिहिता येत नाही. मी म्हटलं, लिहायला आपण आहोत. आता तो सदस्य आहे, अन् बिबा, डिंक, तरोट्याचं बी या सगळ्याची माहिती देणाऱ्या एक आजीसुद्धा.

अंगणवाडीताई (वर्धा)

आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचं खातं अध्यक्ष आणि माझ्या सहीनं चालतं. वर्षाचा अबंधित निधी, म्हणजे गरजेप्रमाणे खर्चता येणारा, 10 हजार. लहान वाटतो, पण वजनकाटा, कुपोषित लेकराला दवाखान्यात न्यायची गाडी, फवारणी, सगळं त्यातूनच. अध्यक्ष ग्रामपंचायतीच्या महिला सदस्य होत्या, बैठकीला यायचे त्यांचे मिस्टर. कोरा धनादेश पुढं करायचे, "सही करून ठेवा ताई." मी नाही म्हटलं. त्यांनी बोलणं बंद केलं, माझ्या मानधनाबद्दल तक्रार करू म्हणाले.

मी आणि आशाताईंनी एकच केलं. बैठक ग्रामपंचायतीतून उचलून अंगणवाडीत आणली, दुपारी, गरोदर बायांच्या तपासणीच्या दिवशी. तिथं इतक्या बाया असतात की मिस्टरांना उंबऱ्यात उभं राहायला लाज वाटली. वहिनी स्वतः आल्या. पहिल्या दिवशी नुसत्या बसल्या. दुसऱ्या बैठकीत त्यांनी विचारलं, मागच्या निधीच्या पावत्या कुठं आहेत? आता त्याच वहिनी पावती पाहिल्याशिवाय सही करत नाहीत, माझीही पावती पाहतात. नेमणूक त्यांची आधीही होती, पण तिथं येऊन बसता आलं तेव्हाच ती त्यांची झाली. सदस्य महिलांच्या घरच्यांनी हे वाचावं.

संत्राबाग (अमरावती)

तंटामुक्तीचं उलटं आहे. 2007 पासून ही मोहीम, पण आमच्याकडं ऑगस्ट आला की अध्यक्षपदासाठी दोन गट समोरासमोर. तंटा मिटवायच्या समितीवरूनच तंटा. एकदा सभा पोलिसांच्या उपस्थितीत घ्यावी लागली. तरी हे पद नको असं मी म्हणणार नाही. घरून पळून आलेल्या पोरापोरीचं लग्न याच समितीनं लावून दिलं, दोन्हीकडच्या मायबापांना समोर बसवून. ते अध्यक्ष कोणत्याच गटाचे नव्हते. चिठ्ठ्या टाकून मतदान झालं म्हणून ते निवडून आले. हात वर करायचे असते तर एकही हात वर झाला नसता, कारण गटवाले पाहत होते.

गावसचिव

संत्राबाग, हे मान्य. माझ्या हात वर करण्याच्या पद्धतीत ही अडचण आहेच. जिथं दोन गट आहेत तिथं चिठ्ठी.

वाडीवरची

वाचत होती सगळं. आम्ही भूमिहीन, दिवाळीनंतर बाहेर गावी कामाले जातो, होळीले येतो. आमचं नाव समितीत लागू शकते का? का घरदारवाल्याईचंच लागते?

पांदणवाट

ताई, गावच्या मतदार यादीत तुमचं नाव आहे ना? मग तुम्ही ग्रामसभेच्या सदस्य आहात, शेत-घर असण्याचा त्याच्याशी संबंध नाही. ग्रामसभेत आपलं नाव स्वतः सुचवा, नाहीतर मैत्रिणीला सुचवायला सांगा. पुन्हा जायच्या आधी ठरावाची नक्कल मागून घ्या. तोंडी देत नसतील तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करा, 30 दिवसांत द्यावी लागते. बैठक तुम्ही गावात असता त्या महिन्यांत ठेवा, हेही त्याच सभेत मागा. अर्ज लिहायला मदत लागली तर मला मेसेज करा.