म्हापशाच्या बाजारापुरतं आपलं चलन काढता येईल का?

डिचोलीकर: शुक्रवारी आई म्हापशाला भाजी घेऊन बसते, सुट्ट्या पैशांची कायम बोंब, मग ती गिऱ्हाईकाला पाच रुपयांची चिठ्ठी लिहून देते आणि पुढच्या शुक्रवारी ती चालतेच, तर सगळ्यांनी मिळून असंच चलन काढलं तर?

फोंडेकर: ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावाने १९३२ मध्ये केलेलं. नोट चालू राहायला दर महिन्याला तिच्या किमतीच्या १ टक्क्याचं तिकीट विकत घेऊन तिच्यावर चिकटवायचं, म्हणून कोणी साठवत नसे, पैसा फिरत राही, रस्ते झाले, पूल झाला. १९३३ मध्ये मध्यवर्ती बँकेने बंद पाडलं, वाईट वाटतं.

पेडणेकर: छापील नोटा नकोच, रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम ३१ आड येईल, जो कोणी आणेल त्याला पैसे देऊ अशी नोट इतरांना काढता येत नाही. त्यापेक्षा वहीत नावानिशी जमा-खर्च ठेवा, स्वित्झर्लंडमधलं ‘वीर’ (WIR) हे व्यावसायिकांचं आपसातलं चलन १९३४ पासून खात्यावरच चाललंय.