मदत हवी आहे: हृदयविकाराचा धोका 'कमी' आलाय, तरी स्टॅटिनचा (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचा) विचार करावा का?

बहीण ४९ वर्षांची. गरोदरपणात प्रीएक्लॅम्प्सिया (रक्तदाब धोकादायक वाढण्याचा आजार) झाला होता आणि पाळी ३९व्या वर्षीच गेली, आपोआप. गर्भाशय-अंडाशय जागेवर आहेत. आईला साठीच्या आत पक्षाघात. तंबाखू नाही, मधुमेह नाही, सध्या कुठलीही गोळी नाही.

मीठ कमी केलं, रोज भरभर चालते. घरी मोजलेला रक्तदाब १२६/८० पर्यंत उतरला, पण एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४२ वरून हलायला तयार नाही. थायरॉइड तपासून झालं, नॉर्मल आहे.

डॉक्टरांनी पुढच्या दहा वर्षांचा धोका काढला, तो कमी आला. पण त्या हिशेबात वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह, धूम्रपान एवढंच धरलं होतं. प्रीएक्लॅम्प्सिया आणि लवकर गेलेली पाळी, दोन्हींनी हृदयविकाराचा धोका वाढतो, ते कुठेच आलं नाही. (बायकांचा इतिहास बाळंतपणापाशी संपतो की काय!) ॲस्पिरिन सुचवू नका, रक्तस्रावाच्या भीतीने डॉक्टरांनी नको म्हटलंय आणि ते पटलंय.

अशा वेळी थेट स्टॅटिनबद्दल बोलावं, की आधी कॅल्शियम स्कोअरचा सीटी स्कॅन (हृदयाच्या धमन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारा)? आणि पन्नाशीच्या आतल्या बाईचा स्कोअर शून्य आला, तर त्यावर कितपत विसंबायचं?